एजंटसाठी टेम्पोरल: काही महिने रोज वापरल्यावर

टेम्पोरल म्हणजे लांब चालणारं काम मधेच बंद पडलं तरी जिथे थांबलं तिथून पुढे नेणारं सॉफ्टवेअर. आमचं काम कारखान्यांच्या खरेदी बिलांचं. आमचा एआय एजंट बिल वाचतो, पीओ (खरेदी ऑर्डर) आणि जीआरएनशी (माल मिळाल्याची नोंद) मॅच करतो, फरक सापडला तर सप्लायरला मेल टाकतो आणि शेवटी अकाउंट्सच्या मॅडमच्या मंजुरीसाठी थांबतो. मॉडेल हुशार आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण अर्ध्या वाटेत सर्व्हर रीस्टार्ट झाला की एजंट सगळं विसरणार, पुन्हा पहिल्यापासून सुरू, पुन्हा टोकनचा (मॉडेल वापरण्याचा) खर्च. आधी क्रॉन (ठरलेल्या वेळी काम सुरू करणारा), रेडिसची क्यू (कामांची रांग) आणि टेबलात एक स्टेटस कॉलम असं ठिगळ लावून चाललं होतं.

टेम्पोरल नेमकं हेच सांभाळतं. वर्कफ्लो, म्हणजे कामाच्या पायऱ्यांचा क्रम, साध्या पायथनमध्ये लिहायचा, मॉडेलचा कॉल, मेल, डेटाबेस हे सगळं ॲक्टिव्हिटीत, म्हणजे एकेका कामाच्या वेगळ्या फंक्शनमध्ये, टाकायचं, प्रत्येकीचा रिझल्ट इव्हेंट हिस्ट्रीत नोंदला जातो. वर्कर, म्हणजे हा कोड चालवणारी प्रोसेस, मेला तर दुसरा वर्कर तोच कोड वरून चालवतो पण पूर्ण झालेली ॲक्टिव्हिटी परत करत नाही, हिस्ट्रीतलं उत्तर उचलतो आणि पुढे जातो. शुक्रवारी संध्याकाळी एक बिल मंजुरीला गेलं, शनिवारी आम्ही नवीन वर्कर डिप्लॉय केले, सोमवारी मॅडमनी बटण दाबलं, सिग्नल (वर्कफ्लोला बाहेरून जाणारा निरोप) गेला आणि वर्कफ्लो जिथे थांबला होता तिथूनच पुढे सरकला. वेब यूआयमध्ये एकेक इव्हेंट वेळेसकट बघता येतो, त्यामुळे 'एजंटने असं का केलं' हे क्लायंटला स्क्रीनवरच दाखवतो.

हे एवढं पक्कं का आहे ते फाउंडर बघितले की कळतं. मॅक्सिम फतेयेव्ह आणि समर अब्बास दोघांनी ॲमेझॉनमध्ये सिंपल वर्कफ्लो सर्व्हिसवर काम केलं, अब्बासनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये ड्युरेबल टास्क फ्रेमवर्क केलं, मग दोघांनी उबरमध्ये केडन्स उभं केलं आणि 2019 मध्ये टेम्पोरल काढलं. एजंटचं वारं सुटायच्या कितीतरी आधीपासून ही माणसं हाच एक प्रश्न सोडवत होती, आणि सर्व्हर एमआयटी लायसन्सवर (कुणीही फुकट वापरावा, बदलावा असा) मोकळा ठेवलाय, याचा मला मनापासून आदर आहे.

आता घ्यायच्या आधी माहीत हवं ते. वर्कफ्लोच्या कोडमध्ये थेट रँडम किंवा आत्ताची वेळ घ्यायची नाही, नाहीतर रिप्ले, म्हणजे हिस्ट्रीवरून कोड परत चालवणं, जुळत नाही, टीममधल्या नवीन पोरांना हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. एक पेलोड (आत-बाहेर जाणारा डेटा) 2 एमबीपर्यंतच, म्हणून अख्खा पीडीएफ आत ढकलू नका, एस3 वर (ॲमेझॉनचं फाइल स्टोरेज) ठेवून फक्त की, म्हणजे फाइलचा पत्ता, पाठवा. हिस्ट्री 51,200 इव्हेंट किंवा 50 एमबीला थांबते, लांब चालणाऱ्या एजंटला कंटिन्यू-ॲज-न्यू (तोच वर्कफ्लो कोऱ्या हिस्ट्रीने पुढे चालू करणं) लागतंच. ॲक्टिव्हिटी फसली की होणाऱ्या रिट्रायमधलं थांबणं डिफॉल्टने 1 सेकंदापासून दुप्पट होत 100 सेकंदांपर्यंत जातं आणि प्रयत्नांना मर्यादाच नाही, तेव्हा चुकीच्या इनपुटचा एरर नॉन-रिट्रायेबल करा नाहीतर तो फिरतच राहील. आणि रिट्राय चालू असला की तीच ॲक्टिव्हिटी दोनदाही चालू शकते! सप्लायरला एकच मेल दोनदा गेलेला कुणाला आवडणार, आम्ही बिल नंबरवरून आयडेम्पोटन्सी की (तेच काम दुसऱ्यांदा आलं हे ओळखायची खूण) बनवतो.

एक प्रश्न एक उत्तर असा चॅटबॉट असेल तर याची गरज नाही. पण एजंट तासन्‌तास चालणार असेल, मधे माणसाची मंजुरी असेल, पैशांचा व्यवहार असेल तर डोळे झाकून घ्या. लॅपटॉपवर 'टेम्पोरल सर्व्हर स्टार्ट-डेव्ह' चालवा, 8233 पोर्टवर यूआय उघडा आणि मधेच मुद्दाम वर्कर मारून बघा.