दाखल्यावरची अक्षरी तारीख: पायथन आणि जावास्क्रिप्ट वापरल्यानंतरचा अनुभव

अमळनेर-चोपडा पट्ट्यातल्या काही शाळांचे दाखले छापून द्यायचं काम माझ्याकडे असतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी लागते आणि अक्षरीही. जनरल रजिस्टरातली १५/०६/२०११ खाली ‘पंधरा जून दोन हजार अकरा’ अशी उतरली पाहिजे, आणि खोडाखोड चालत नाही. दिवाळीपासून छपाईला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, तारखा स्थानिक भाषेत लिहिणाऱ्या बेबेल लायब्ररीसह, आणि शाळेतल्या ब्राउझरमधल्या फॉर्मला जावास्क्रिप्ट ही दुसरी भाषा, असं चाललंय.

महिन्यांच्या नावांबद्दल तक्रार नाही. दोन्हीकडे ती युनिकोडच्या सीएलडीआर संग्रहातून, म्हणजे भाषाभाषांतली महिने-वारांची नावं असलेल्या साठ्यातून, येतात. फेब्रुवारी, ऑगस्ट, नोव्हेंबर सगळं शुद्ध. आकड्यांत मात्र फरक आहे. ब्राउझरला ‘एमआर-आयएन’ (भारतातली मराठी, असा भाषेचा कोड) सांगितलं की तो देवनागरी आकडे देतो (इंग्रजी हवे तर मागे ‘यू-एनयू-लॅटन’ जोडायचं), बेबेल मात्र महिना मराठीत आणि आकडे इंग्रजीत ठेवतं. एका ओळीत बदलता येतात, पण माहीत असलेलं बरं.

खरा त्रास लिहिण्यात नाही, वाचण्यात आहे. जावास्क्रिप्टला ०३/०४/२०१२ इंग्रजी आकड्यांत तशीच दिली तर क्रोम ती ४ मार्च समजतो, अमेरिकन पद्धतीने. आपल्या पोराचा जन्म ३ एप्रिलचा. तारीख बाराच्या पुढची असेल तर निदान ‘इनव्हॅलिड डेट’ येतं आणि कळतं. बारापर्यंतच्या तारखा गुपचूप उलटतात. म्हणून तारखेचा मजकूर (स्ट्रिंग) तोडून दिवस, महिना, वर्ष वेगळे द्यायचे, आणि महिना शून्यापासून मोजतात हे धरून एक वजा करायचा. या बाबतीत पायथनचं स्ट्रपटाइम, म्हणजे मजकुरातून तारीख वाचणारं फंक्शन, मला जास्त आवडलं, कारण क्रम आपणच सांगतो. त्याला देवनागरी आकड्यांची तारीख चालत नाही, पण मजकुराचा आकडा करणाऱ्या नुसत्या इंट फंक्शनला ‘१२’ कळतं, त्यामुळे आधी तोडून मग आकडे करून घेतो.

दोन आकडी वर्षाचं प्रकरण वेगळंच. क्रम सांगताना वर्षासाठी लहान ‘वाय’ (दोन आकडी वर्षाची खूण) दिला की पायथन ६९ ते ९९ ला एकोणीसशेत घालतं आणि ०० ते ६८ ला दोन हजारात. डुप्लिकेट दाखल्यासाठी आलेल्या एका बाबांची नोंद ०१/०६/६५ होती. (त्या पिढीत एक जूनवाले किती, हे वेगळं सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली तारीख.) स्क्रीनवर आलं ‘एक जून दोन हजार पासष्ट’. क्लार्क आप्पांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “भाऊ, हाऊ ते आजून जलमनाच नही!” आता वर्ष आजच्या पुढचं निघालं की शंभर वजा होतात.

अक्षरी भागासाठी तक्ता हातानेच केला. मराठीत एक ते नव्व्याण्णव हे शब्द नियमाने जोडून होत नाहीत, सगळे लिहूनच ठेवावे लागतात. वर्षाला दोन वाटा: एकोणीसशेचं वर्ष शेकड्याने, म्हणजे ‘एकोणीसशे अठ्ठ्याण्णव’, आणि पुढचं हजाराने. चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव या तिघांकडे लक्ष ठेवा. साधा ‘र’ टाइप केला तर रफार होऊन ‘चौर्याण्णव’ छापलं जातं. नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन हलंत आणि ‘य’ दिला तरच बरोबर येतं. छपाईआधी आप्पांकडून तक्ता तपासून घेतला, तेव्हा त्यांचं पेन याच तिघांवर थांबलं.

अजून एक. जुन्या रजिस्टरात ३१/०६ सारखी नोंद सापडते. पायथन तिथे एरर देऊन थांबतं. जावास्क्रिप्टला तुकडे करून दिली तर निमूटपणे १ जुलै करून देतं, म्हणून दिलेला दिवस आणि परत आलेला दिवस जुळतात का ते फॉर्म तपासतो. जुळले नाहीत तर अक्षरी रकाना कोरा राहतो आणि काय लिहायचं ते मुख्याध्यापक ठरवतात.