दहा-नऊ-आठ, बालसंगोपन आणि गावची समिती: खान्देशात कशाचा किती उपयोग

मूल मार खातंय, कामाला जुंपलंय किंवा घरातल्याच कुणापासून त्याला धोका आहे, हे कळल्यावर धावून येणारी यंत्रणा जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आहे. तशी वेळच येऊ नये म्हणून घराला हात देणाऱ्या सेवाही आहेत, पण त्या मागितल्याशिवाय मिळत नाहीत आणि मागायच्या कशा हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून इथे त्यांना जास्त जागा.

आधी 1098. मुंबईत 1996 साली सुरू झालेली ही हेल्पलाइन 2023 पासून सरकार चालवतं आणि ती 112 या तातडीच्या मदतीच्या नंबराला जोडलेली आहे. फोन मोफत, चोवीस तास, स्वतःचं नाव सांगायची गरज नाही. घोटाळा होतो तो पत्त्यात. ‘पिंप्रीहून बोलतोय’ एवढ्यावर कुणी पोचत नाही. खान्देशात पिंप्री नावाची गावं ढिगाने आहेत. नवापूर, शिरपूर, रावेर हे तालुके तर दुसऱ्या राज्याला लागून. तेव्हा राज्य, जिल्हा, तालुका, गाव, पाडा आणि जवळची खूण या क्रमाने सांगावं. मग मुलाचं अंदाजे वय, ते आत्ता कुठे आहे, त्रास देणारा घरातच आहे का. भाषेचीही अडचण येते. ‘दारू पिसन येस नि पोरेसले मारस’ हे अहिराणी समोरच्याला निदान अंदाजाने कळेल. पावरी या सातपुड्यातल्या आदिवासी बोलीत बोलणाऱ्या बाईने मात्र आशाताईला किंवा मास्तरांना शेजारी बसवूनच फोन लावावा. तातडीच्या प्रसंगी ही सेवा चांगली. ‘माझाच हात उठतो, काय करू’ असं विचारणाऱ्या आईसाठी तोकडी. तिने 14416 या टेलिमानसवर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर बोलावं.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर भाऊबंदकीत बसून मिटवण्याचा प्रश्नच येत नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाचा जबाब ठाण्यात नव्हे, त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, पोलिसांनी वर्दी न घालता घ्यायचा असतो. हे ठाऊक नसल्याने बऱ्याच आया मागे फिरतात.

आता आमच्या मते सगळ्यांत कामाची सेवा: क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. 2023 पासून एका मुलामागे महिन्याला 2250 रुपये. लोक समजतात ही फक्त अनाथांची किंवा विधवांच्या मुलांची योजना. तसं नाही. आईबापांचा बेबनाव, मुलाकडे दुर्लक्ष, कोर्टकचेरी, पोलीस तक्रार, तुरुंगात असलेला बाप, पालकाचा दुर्धर आजार, अशा घरातली मुलंही तिच्यात बसतात. थोडक्यात, जिथे उद्या मुलाला शाळेतून काढून कामाला लावतील किंवा मुलीचं लग्न उरकतील, तीच ही घरं.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. सोबत मुलाचं आणि पालकाचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँक पासबुक, घरासमोर मुलांसह काढलेला फोटो आणि लागू असेल तसा मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाची कागदपत्रं. मग गृहभेट होते, अहवाल बनतो, मुलांबाबत निर्णय देणाऱ्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर मुलाला घेऊन जावं लागतं आणि समितीचा आदेश झाला की पैसे खात्यात.

अडतं दोन ठिकाणी. पहिलं, नावात: आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. ते अर्जाआधीच सुधारून घ्यावं आणि खातं आधारला जोडलंय का तेही बँकेत पाहावं. दुसरं, गृहभेटीत. अक्राणी, अक्कलकुव्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. तपासणीला माणूस येतो तेव्हा दाराला कुलूप. अर्ज जून-जुलैतच टाकावा आणि अर्जावर गावात राहणाऱ्या आजी-आजोबांचा किंवा काकांचाही फोन नंबर लिहावा. पैसे दर महिन्याला येतील असं धरून उधारी करू नये, काही महिन्यांचे एकदम पडतात. धडगावच्या बाईला चांदसैली घाट उतरून नंदुरबार गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. बाल कल्याण समितीने तालुक्याला बैठक घ्यावी, ही मागणी रास्तच आहे.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतलं प्रायोजकत्व, म्हणजे मुलाच्या खर्चासाठीची मदत, महिन्याला 4000 रुपयांचं, पण उत्पन्नाची अट कडक: ग्रामीण भागात वर्षाला 72 हजार, इतरत्र 96 हजार. शाळेतली हजेरीही पाहतात. मूल फडावर गेलं की हजेरी गेलीच.

सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे बापाशी कुणीच बोलत नाही. अंगणवाडीत माता बैठक होते. पिणाऱ्या बापासाठी 14446 हा व्यसनमुक्तीचा नंबर आहे आणि सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे, पण मुलाच्या फायलीतून तिकडे चिठ्ठी क्वचितच जाते. गृहभेटीच्या वेळी आईनेच ‘यांना पाठवायची सोय करा’ असं अहवालात लिहायला सांगावं.

राहिली ग्राम बाल संरक्षण समिती. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. बहुतेक गावांत ती पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपुरती आठवते. तरी ती टाकाऊ नाही: बालविवाह थांबवायचा तर गावपातळीवर प्रतिबंध अधिकारी ग्रामसेवकच असतो, म्हणजे लग्नाची पत्रिका छापण्याआधी त्याच्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घेता येते. समितीचं प्रोसिडिंग बुक ग्रामपंचायतीत मागावं. कोरं निघालं तर तसं लिहून गटविकास अधिकाऱ्यांकडे आणि एक प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला द्यावी.