‘लिनक्सला कार्ड ओळखता येत नाही’ असं विक्रेता म्हणाला, आणि मी विश्वास ठेवला

आईच्या गाण्याच्या दोन व्हीएचएस टेप संगणकावर उतरवून घ्यायच्या होत्या. त्यासाठी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून जुनं पीसीआय टीव्ही कार्ड (संगणकाच्या आतल्या पीसीआय खाचेत बसणारं, टीव्ही-व्हीसीआरचं चित्र आत घेणारं) मागवलं. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं: एसएए७१३४ चिप, अ‍ॅनालॉग आणि डिजिटल दोन्ही चालतं, आवाजही थेट कार्डातूनच रेकॉर्ड होतो. मला आवाजच हवा होता.

कार्ड बसवलं. चित्र आलं, आवाज नाही. लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, लॉग (नोंदी) पाहिला तर ड्रायव्हरने (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामने) कार्ड ‘अननोन/जेनेरिक’ ठरवून त्याला ० क्रमांक दिला होता. विक्रेत्याला कळवलं, तर त्याचं उत्तर तासाभरात हजर: कार्ड उत्तम आहे, लिनक्सला ते ओळखता येत नाही, कार्ड नंबर हाताने द्या.

मला ते पटलं, कारण त्यात अर्धं सत्य होतं. स्वस्तातल्या बऱ्याच कार्डांवर ईप्रॉम (कार्डाची माहिती साठवणारी छोटी चिप) नसतो. बोर्ड कोणता हे सांगणारा क्रमांक, सबसिस्टिम आयडी, त्यातच असतो. तो नसला की ड्रायव्हरला चिप कळते, पण तिच्याभोवतीचा बोर्ड कळत नाही. मग दीडशेहून जास्त नावांच्या यादीतून बोर्डाचा नंबर निवडून ‘कार्ड=’ (card=) हा पर्याय आपल्याला द्यावा लागतो. प्रामाणिक विक्रेताही हेच सांगेल.

त्यानंतरचे तीन आठवडे मी ड्रायव्हरचं मॉड्यूल काढत आणि पुन्हा चढवत बसलो. विक्रेता दर दोन दिवसांनी नवा नंबर सुचवायचा. हायब्रिड (अ‍ॅनालॉग-डिजिटल दोन्ही चालवणाऱ्या) बोर्डाचा नंबर दिला की डिजिटल सिग्नल घेणारा भाग, फ्रंटएंड, सुरू न झाल्याची ओळ लॉगमध्ये यायची. ‘ट्यूनरचा (चॅनल पकडणाऱ्या भागाचा) नंबरही बदलून पाहा,’ विक्रेता म्हणायचा. एकदा आवाजाचं मॉड्यूल हाताने चढवलं, तर लॉगने सांगितलं की या बोर्डावर डिजिटल ऑडिओची सोय नाही. बोर्डाचं नाव मात्र मीच नंबर देऊन लादलेलं होतं, म्हणून मला वाटलं नंबर चुकला असेल. एवढ्यात कार्ड परत करायची मुदत संपली, आणि त्या दिवसापासून विक्रेत्याची उत्तरंही थांबली.

खरं काय ते पहिल्या दिवसापासून माझ्या समोर होतं. ‘एलएसपीसीआय -एनएन’ (lspci -nn) ही पीसीआय कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा चालवली की कार्डाच्या ओळीत ११३१:७१३० दिसायचं. ११३१ म्हणजे चिप बनवणारी फिलिप्स. ७१३० हा चिपच्या मॉडेलचा आकडा चिप स्वतः सांगते, त्यासाठी ईप्रॉम लागत नाही. ‘कार्ड=’ ने फक्त बोर्डाची जोडणी बदलते: ट्यूनर कोणता, आवाज कुठल्या पिनवर, इनपुट कोणते. ७१३० ची ७१३४ कोणत्याही नंबराने होत नाही, आणि ७१३० आवाज पीसीआयमधून संगणकाला देऊच शकत नाही.

मग चिपवरचं चकचकीत स्टिकर नखाने खरवडलं. खाली एसएए७१३०एचएल छापलेलं होतं. डिजिटल सिग्नल उलगडणाऱ्या चिपची, डिमॉड्युलेटरची, जागा रिकामी होती, सोल्डरचे नुसते ठिपके. म्हणजे लिनक्सने चिप बरोबरच ओळखली होती, खोटं होतं ते स्टिकर. ज्याने ते चिकटवलं त्याला ठाऊक होतं की दोष ड्रायव्हरवर ढकलून देता येईल, आणि माणूस परत करायच्या मुदतीत नंबरच शोधत बसेल. माझा राग याच गोष्टीवर आहे.

असं कार्ड घेणार असाल तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून त्या ‘एलएसपीसीआय -एनएन’चा निकाल आणि स्टिकर काढलेल्या चिपचा फोटो मागा. कार्ड हातात आल्यावर नंबर शोधण्याआधी तो चार अंकी आकडा जाहिरातीशी ताडून पाहा. जुळला नाही तर त्याच दिवशी परत करा, एकही नंबर लावून पाहू नका. यूएसबी कॅप्चर डोंगललाही हेच लागू, तिथेही एकाच रूपाच्या डबीत वेगवेगळ्या चिप निघतात. तिथे ‘एलएसयूएसबी’ (lsusb) वापरा.

माझ्या टेप शेवटी उतरल्या. चित्र कार्डातून घेतलं आणि व्हीसीआरचा आवाज वेगळ्या केबलने साउंड कार्डच्या लाइन-इनमध्ये दिला. आईचा आवाज स्वच्छ आला. त्या विक्रेत्याची जाहिरात मात्र त्याच फोटोसह अजून चालू आहे, आणि फोटोत ते स्टिकर स्पष्ट दिसतं.