भाषाशास्त्र + इंग्रजी टीचिंगचा वीकेंड कोर्स, संभाजीनगर: अर्धे पैसे वसूल

बारा रविवार घालून हा कोर्स केला, आता शाळेतले दोघंतिघं रोज विचारायलेत कसाय कसाय म्हणून एकदाच लिहून टाकतो. क्लासचं नाव लिहीत नाही, भांडण नकोय, फक्त काय मिळालं आन काय नाही ते सांगतो. फी चौदा हजार, दोन हप्त्यात.

मी सेलूकडचा, झेडपीच्या शाळेवर. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, पहिलीपासून आलं ते 2000 साली, म्हणजे जी भाषा मी स्वतः दहाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिली ती आता सहा वर्षाच्या लेकरांना शिकवायलोय. त्यामुळं आपल्याला काही तरी येत नाही ही टोचणी कायमच होती.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं आहे ते खरंच लई भारी आहे. भाषाशास्त्राचा अर्धा भाग एक मॅडम घ्यायच्या. मला वाटलं होतं आता व्याख्या लिहून देणार आन आपण पाठ करणार. पहिल्याच दिवशी फळ्यावर फक्त 'जग' लिहिलं आन म्हणल्या वाचा. अर्ध्या लोकांनी पाण्याचा जग वाचला, अर्ध्यांनी सारं जग वाचलं. मग खाली लिहिलं 'जून'. महिना का भेंडी? एक मिनिट सगळा वर्ग शांत आन मग सगळे तोंडातल्या तोंडात ज ज करायलेत, जीभ कुठं लागायली ते बघायलेत. महिन्यातला ज टाळूला लागतो, भेंडीतला दाताच्या मागं. अक्षर एक, आवाज दोन, आन इतकी वर्षं आपण न चुकता बोलतोय पण कधी ध्यानात आलं नाही. तिसरीतली दोनतीन पोरं 'जंप' म्हणताना 'जमीन'मधला ज का लावतात, ते मला त्या दिवशी कळलं. मी आजवर त्यांना नुसतं "नीट म्हण" म्हणायचो. नीट म्हणजे काय ते मलाच सांगता येत नव्हतं की राव.

दुसऱ्या रविवारी तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'पेन' म्हणायला लावलं. आमच्या कुणाचीच पट्टी हलेना. मग मोबाईलवर इंग्लंडच्या माणसाचं ऐकवलं आन मॅडमनी तसंच म्हणून दाखवलं तर पट्टी फडकन उडाली. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प ला हवेचा झोत असतो, आपल्या प ला नसतो, कारण झोत दिला की आपल्याकडं अक्षरच बदलतं. पण तुमचा प बदलायची काही गरज नाही, समजतंय तेवढं पुरे, हेही त्यांनीच सांगितलं, ते मला आवडलं.

पण माझ्यासाठी अख्ख्या कोर्सचे पैसे एका तासात वसूल झाले. वर्गात मी दर पाच मिनिटाला "आर यू अंडरस्टँडिंग?" म्हणतो, डेमोत पण म्हणलो. मॅडम हसल्या नाहीत, म्हणल्या हेच मराठीत म्हणा. मी म्हणलो, "कळायलंय का?" झालं! आपल्याकडं कळायलंय, दिसायलंय, भूक लागायली, सगळं चालू काळात चालतं, तेच मी उचलून इंग्रजीत ठेवत होतो. इंग्रजीत कळणं, माहीत असणं असल्या क्रियापदांना सहसा आयएनजी लागत नाही. शिकणाऱ्याच्या डोक्यात धड मराठी नाही धड इंग्रजी नाही अशी मधलीच एक भाषा तयार होते, तिचे तिचे नियम असतात, सेलिंकर नावाच्या अभ्यासकानं 1972 साली तिला इंटरलँग्वेज म्हणलंय. मी पुण्यात बीएडला असताना माझ्या 'करायलोय'वर हसून हसून लोकांनी मला गप्प केलं होतं, आन इथं त्यावरच तासभर चर्चा, फळा भरून.

आता दुसरा अर्धा. टीचिंगचा भाग म्हणजे निव्वळ बीएडचे मायक्रो लेसन, म्हणजे आपापसातच घ्यायचे छोटे सराव पाठ, परत. पत्रकावर मोठ्या अक्षरात 120 तास आन इंटरनॅशनल सर्टिफिकेट असं छापलंय. इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी केंब्रिजचा सेल्टा नावाचा कोर्स असतो, तोही 120 तासांचाच, पण त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं, मागं बसून कुणीतरी ते तपासतं. इथं मला वीस वीस मिनिटाचे दोन चान्स मिळाले आन समोर विद्यार्थी म्हणून कोण, तर परतूरचे एक पंचेचाळीस वर्षांचे सर, मांडी घालून "टीचर टीचर, टॉयलेट" करायलेत. हसू आलं खूप, शिकलो शून्य. ज्या वर्गात तीन पोरं लमाणी बोलतात, दोघं घरी दखनी, बाकीचे आपली मराठी, तिथं इंग्रजी कसं सुरू करायचं हा माझा प्रश्न होता, मी तीनदा विचारला. टीचिंगचा भाग घेणारे सर म्हणाले फ्लॅशकार्ड वापरा.

स्ट्रेस आन इंटोनेशन, म्हणजे शब्दात जोर कुठं द्यायचा आन आवाज कुठं चढवायचा-उतरवायचा, ते एका तासात उरकलं. नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, आयपीएच्या (उच्चार लिहायच्या चिन्हांच्या) चार्टमधली चिन्हं मुंग्या चिरडल्यासारखी दिसतात, तो चार्ट नेटवर फुकट आहे तिथनं रंगीत प्रिंट काढा.

सर्टिफिकेट कुणाचं, तर त्यांचंच, त्यांच्याच सहीचं. प्रमोशनला, नोकरीला दाखवायचं असंल तर यात पडू नका. हैदराबादची इफ्लू बघा, इंग्रजीच्या शिक्षकांसाठीच 1958 साली सुरू झालेली संस्था आहे ती, नांदेडवाल्यांना तर मुंबईपेक्षा जवळ.

मॅडम असतील तर मात्र जा. आधी फोन करून विचारा त्याच शिकवणारेत का, आन नुसता भाषाशास्त्राचा भाग अर्ध्या फीत द्या म्हणून घासाघीस करा, आमच्या बॅचमध्ये एका ताईंना दिला होता. मराठवाडा एक्सप्रेसनं येणार असाल तर तेही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, गाडी लेट झाली तरी हजेरी कापतात, माझ्या दोन कापल्या.