एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम: काही महिन्यांनंतर

क्लोनाझेपामची गोळी अर्धी करताना परवा पुन्हा चुरा झाला, म्हणून हे लिहायला घेतलं.

सकाळी एसिटालोप्राम (चिंता आणि नैराश्यावरचं औषध), रात्री ०.५ मिलिग्रॅम क्लोनाझेपाम (घबराट लगेच शांत करणारं, झोप आणणारं औषध). सुरुवातीला माझं ठाम मत होतं की रात्रीची गोळी झकास आणि सकाळची निरुपयोगी. रात्रीच्या गोळीने छातीतली धडधड लवकर थांबायची. सकाळच्या गोळीने मळमळ, सारख्या जांभया, वर अस्वस्थताही वाढलेली. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला असं होतं, नीट गुण यायला काही आठवडे जातात. आता मत पार उलटलंय. फोन वाजला की पोटात गोळा यायचा, तो एसिटालोप्राममुळेच गेला. कामेच्छा मात्र कमी झाली. हे कोणी आपणहून विचारत नाही, तुम्हीच सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं.

क्लोनाझेपाम शरीरातून निम्मं उतरायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात. सकाळी डोकं जड, ओळखीचं नाव ओठांवर येऊन अडायचं. त्या काळात गाडी चालवली नाही. सर्दीची झोप आणणारी गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नका. दारू किंवा ओपिऑइड (मॉर्फिनसारखी) वेदनाशामकं सोबत घेतली तर श्वास मंदावून जीवावर बेतू शकतं.

क्लोनाझेपाम ज्या बेंझोडायझेपिन गटातलं आहे, त्या औषधांची शरीराला सवय लागते. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०२० मध्ये त्याबद्दलचा इशारा आणखी कडक केला. एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करतेय. आणि इथेच माझा सगळा वैताग आहे! गोळी एवढीशी, मधली रेघ पुसट. दाब दिला की एक तुकडा मोठा, एक छोटा, उरलेली पूड बोटाला. रोज डोस वेगळा पडणार असेल तर मोजूनमापून कमी करायचं कसं? शेवटी डॉक्टरांकडून ०.२५ ची तोंडात विरघळणारी गोळी लिहून घेतली. ती ०.१२५ मध्येही असते. हे पहिल्याच चिठ्ठीत सुचवायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

०.५ च्या उरलेल्या गोळ्या बहिणीने झोपेसाठी मागितल्या. दिल्या नाहीत. तिचा झोपेत श्वास अडतो आणि या गोळीने तो त्रास वाढू शकतो. तिला डॉक्टरांची वेळ घेऊन दिली.