बेन अँड जेरीजचं चॉकलेट फज ब्राउनी: आइस्क्रीम ठीक, ब्राउनी भारी

शाकाहारी मंडळींसाठी पहिलंच सांगून टाकते, बेन अँड जेरीज ह्या अमेरिकन आइस्क्रीम ब्रँडच्या ह्या डब्यात अंडं आहे. आइस्क्रीममध्ये पण आणि ब्राउनीमध्ये पण. ज्यांना चालत नाही त्यांनी नॉन-डेअरीवालं व्हर्जन बघा, ते व्हीगन आहे, चव थोडी वेगळी लागते पण पाहुण्यांसमोर ठेवलं तर कोणी ओळखत नाही.

तर मुद्दा. इकडे न्यू जर्सीत आमच्या फ्रीजरमध्ये कुल्फीच्या शेजारी हा डबा कायम असतो, ४७३ मिलीचा, म्हणजे कागदावर तीन माणसांचा आणि प्रत्यक्षात दीड माणसाचा. आइस्क्रीमचं चॉकलेट माझ्या जिभेला जरा गोडच आहे, मला कडवट आवडतं, पण ती माझी आवड. खरा माल म्हणजे ते ब्राउनीचे तुकडे. फ्रीजरमधून काढल्या काढल्या चमचा घातलात तरी तुकडा दगड झालेला नसतो, दाताखाली दबतो, किंचित चिकटतो आणि मग विरघळतो. घरी ब्राउनी करून आइस्क्रीममध्ये घालायचा प्रयोग ज्यांनी केलाय त्यांना कळेल, आपली केकसारखी हलकी ब्राउनी गोठली की भुसा होते. ही दाट असते, साखर आणि फॅट भरपूर, म्हणून टिकते.

आता ही ब्राउनी बनते कुठे ते डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. ग्रेस्टन बेकरी, याँकर्स, म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या उत्तर सीमेला लागून. १९८२ मध्ये बर्नी ग्लासमन नावाच्या माणसानं सुरू केली. माणूस मूळचा गणितात पीएचडी, विमानं आणि रॉकेटवाल्या मॅकडॉनल डग्लसमध्ये नोकरी, आणि नंतर झेन गुरू! सुरुवात ब्राँक्समधल्या छोट्या दुकानापासून, मॅनहॅटनच्या हॉटेलांना महागडे केक पुरवायचे. मग याँकर्सला गेले, जिथे तेव्हा बेघर कुटुंबांचा प्रश्न फार मोठा होता, आणि ह्यांनी ठरवलं की कामाला ह्याच लोकांना घ्यायचं.

कसं घेतात ते ऐका. दारात जायचं, यादीत नाव लिहायचं, जागा निघाली की फोन येतो, संपलं. रेझ्युमे नाही, इंटरव्ह्यू नाही, आधी कुठे होतात, राहता कुठे, तुरुंगात होतात का, काही विचारत नाहीत. त्याला ते ओपन हायरिंग म्हणतात. आणि पहिल्या दिवसापासून पगार, बिनपगारी ट्रेनिंग वगैरे प्रकार नाही. आपल्याकडे घरकामाला बाई ठेवायची तरी ओळख कोणाची, आधार कार्ड दाखवा, आधी कुठे होतीस इथून सुरुवात होते, आणि ज्याला पत्ताच नाही त्यानं कागद आणायचे कुठून हा प्रश्न कोणाला पडतच नाही. नोकरी नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून नोकरी नाही, ही गाठ ह्या लोकांनी नोकरीच्या टोकाकडून सोडवायला घेतली.

पण नुसती नोकरी देऊन भागत नाही हे त्यांनाही लवकर कळलं आणि मला ग्रेस्टनचं हेच जास्त पटतं. माणूस रात्री कुठेतरी बसस्टॉपवर झोपलाय, किंवा पोराला सांभाळायला कोणी नाही, तर तो सकाळच्या शिफ्टला येणार कसा? म्हणून नव्वदच्या दशकात त्यांनी बेघर कुटुंबांसाठी घरं केली, पाळणाघर काढलं. नियम मात्र कडक, वेळेवर या, काम करा, सोबतच्यांशी नीट वागा, नाहीतर जागा दुसऱ्याला. बरेच जण सुरुवातीच्या महिन्यांतच गळतातही. मला तर हे योग्यच वाटतं, दार सगळ्यांना उघडं पण आत आल्यावर सूट नाही, नाहीतर भट्टीसमोर बाकीच्यांनी दुप्पट राबायचं का?

बेन अँड जेरीजशी जुळलं ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. आइस्क्रीम सँडविचसाठी पातळ ब्राउनीची ऑर्डर होती, ह्यांनी गरम गरमच पॅक करून पाठवल्या, तिकडे पोचेपर्यंत सगळ्या एकमेकींना चिकटून ठोकळा. परत पाठवायची सोय नव्हती, म्हणून फोडून आइस्क्रीममध्ये घातल्या, आणि हा फ्लेवर त्यातून आला असं सांगतात. आज ग्रेस्टनची फॅक्टरी हडसन नदीच्या काठाजवळ आहे, डिझाइन माया लिनचं, जिनं वॉशिंग्टनचं व्हिएतनाम मेमोरियल केलं तीच.

ग्रेस्टनचं ब्रीदवाक्य आहे की आम्ही ब्राउनी भाजायला माणसं ठेवत नाही, माणसं ठेवता यावीत म्हणून ब्राउनी भाजतो. वाक्य छानच आहे, पण ग्राहक म्हणून मी उलट्या बाजूनं बघते. लिज्जत पापड आपण सात बायकांनी १९५९ मध्ये गिरगावात ८० रुपये उसने घेऊन सुरू केला म्हणून आणतो का? चांगला लागतो म्हणून आणतो, आणि म्हणूनच ते इतकी वर्षं चाललं. दया म्हणून घेतलेली मेणबत्ती किंवा पिशवी आपण एकदाच घेतो. हा डबा मी ब्राउनी कोण करतं हे माहीत नसताना पण आणत होते.

एक खटकतं. एवढी मोठी ऑर्डर एकाच गिऱ्हाईकाची, आणि ते गिऱ्हाईक २००० मध्ये युनिलिव्हरनं विकत घेतलेलं, २०२५ मध्ये वेगळ्या काढलेल्या मॅग्नम आइस्क्रीम कंपनीकडे गेलेलं. वर मालक पुन्हा बदलले, धोरणं बदलली, तर याँकर्सच्या त्या यादीतल्या नावांचं काय? म्हणून ग्रेस्टनच्या स्वतःच्या नावाच्या ब्राउनी कुठे दिसल्या तर त्या उचला, आइस्क्रीमपेक्षा त्यात पैसे थेट जातात.

घेताना एक बघा, डब्याचं झाकण फुगलेलं किंवा कडेला बर्फाचे खडे असतील तर ठेवून द्या. आमच्याकडच्या एका किराणा दुकानातून आणलेला डबा वाटेत कधीतरी वितळून परत गोठलेला निघाला होता, आइस्क्रीम सगळं रवाळ, ब्राउनी मात्र तशीच शाबूत! बाहेर काढून दहा मिनिटं ठेवा, मग खा. ब्राउनीला पाचपैकी पाच, आइस्क्रीमला साडेतीन. कुकी डो (कुकीचं न भाजलेलं पीठ) पण आवडत असेल तर त्यांचाच हाफ बेक्ड फ्लेवर घ्या, त्यातही ब्राउनी आहेच, फक्त घरात मुलं असतील तर दोन डबे आणा.