कायद्याची दोन पुस्तकं, नऊ महिने पिशवीत

मी बचत गटांचं काम करते, उमेदची (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) सीआरपी, म्हणजे गावातल्या गटांना मदत करणारी कार्यकर्ती. मीटिंगमधे हप्त्याचा हिशोब झाला की एखादी बाई मागे रेंगाळते आणि बाकीच्या गेल्यावर बोलायला लागते. आधी मी ऐकून घ्यायचे आणि वकिलाला भेट एवढंच सांगायचे, ते मला फार लागायचं, म्हणून दिवाळीनंतर दोन पुस्तकं घेतली. एक घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याचं मराठी-इंग्रजी, दुसरं ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं, बारीकसं. पहिल्याचं कव्हर सुटलंय, आता खाकी कागद घातलाय.

सगळ्यात जास्त काय वापरलं तर शेवटची पानं. कायद्याबरोबर २००६ चे नियम आणि त्यातले नमुने, म्हणजे फॉर्म, छापलेत, तिथेच खरा उपयोग आहे. नमुना ४ मधे बाईचे हक्क लिहिलेत, त्याच्या झेरॉक्स काढून मी गटात वाटते. नमुना ५ म्हणजे सुरक्षा योजना, एका रकान्यात काय त्रास होतो, पुढे त्याचा परिणाम काय, भीती कशाची आणि त्यावर उपाय काय हवा. एका ताईसोबत तो भरायला दोन तास लागले. तिला मारहाण सांगता येत होती पण नवरा मजुरीचे पैसे काढून घेतो, आईने दिलेले दागिने सासूने ठेवून घेतलेत, हा पण हिंसाचारच आहे हे तिला माहीतच नव्हतं, मी कलम ३ मधलं आर्थिक छळाचं वाचून दाखवलं तर म्हणाली परत वाचा. मी तीनदा वाचलं.

कलम २७ चं पान तर मळकट झालंय. माहेरी आलेल्या पोरीला सगळे सांगत होते की केस सासरच्या तालुक्यातच टाकावी लागेल, दीडशे किलोमीटर, तारखेला जाणार कशी आणि उतरणार कुठे. पुस्तकात स्पष्ट आहे की ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो. तिच्या वडिलांनी ते पान मोबाईलवर फोटो काढून नेलं. वकील पण बाईला मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो, पण उत्पन्नाचं ते विधी सेवेच्या १९८७ च्या कायद्यात आहे, या पुस्तकात कलम ५ मधे मोफत विधी सेवेचा नुसता उल्लेख आहे, म्हणून मी आतल्या बाजूला पेनने लिहून ठेवलंय.

एक चूक माझ्याकडून झाली ती सांगते. कलम १२ मधे साठ दिवसांत निकालाचं आहे, मी एका ताईला दोन महिन्यांत होईल म्हणून सांगितलं, ती कॅलेंडरवर खुणा करत बसली. नंतर नीट वाचलं तर तिथे कोर्टाने तसा प्रयत्न करावा असं आहे. तिचा चेहरा अजून आठवतो. आता मी आधी कलम २३ दाखवते, अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा, आदेश मागता येतो, खर्च आणि घरात राहण्याचा हक्क त्यातून लवकर मिळू शकतो.

भाषेबद्दल तक्रार आहे. ‘व्यथित व्यक्ती’ (त्रास झालेली बाई), ‘उत्तरवादी’ (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो), ‘सामाईक घर’ (एकत्र राहिले ते घर) असलं बाईला वाचून दाखवलं की ती मान हलवते आणि काहीच पोचलेलं नसतं, मी पेन्सिलने समासात साधं मराठी लिहिलंय. विषयसूची पण नाही, फक्त कलमांची यादी, ‘दागिने’ शोधायचे तर शोधणार कुठे.

त्याहून गंभीर म्हणजे आवृत्ती जुनी आहे. कलम २ मधे तक्रार ‘प्रौढ पुरुषा’विरुद्धच असं छापलंय, पण सुप्रीम कोर्टाने २०१६ मधेच ते शब्द काढून टाकलेत, म्हणजे सासू-नणंदेविरुद्धही अर्ज होतो (सासूला घराबाहेर काढायचा आदेश मात्र मिळत नाही, कलम १९). मागे परिशिष्टात जुन्या दंड संहितेचं ४९८अ (नवऱ्याने-सासरच्यांनी केलेला छळ) आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ (पोटगी) तसंच आहे. १ जुलै २०२४ पासून नव्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं ८५ आणि ८६ लागतं, पोटगीला नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. मी चिठ्ठ्या चिकटवल्यात, पण ज्याला माहीत नाही तो जुनाच आकडा घेऊन ठाण्यात जाईल आणि परत पाठवला जाईल.

ज्येष्ठांचं पुस्तक कमी वापरलं पण सोपं आहे. अर्ज प्रांतांच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांच्या) न्यायाधिकरणाकडे, वकील लागत नाही, निर्वाह खर्च महिन्याला दहा हजारांपर्यंत. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र केलं आणि पोराने सांभाळलं नाही तर ते रद्द होऊ शकतं, कलम २३. हे ऐकायला पारावरचे आजोबा पण येऊन बसले होते.

घ्यायचं असेल तर दुकानात आधी मागची पानं उघडा, नमुना ५ आहे का बघा, मग कलम २ मधले ते दोन शब्द बघा. आमच्या तालुक्याच्या दुकानात अजून जुनीच आवृत्ती आहे, नवी मागवायला सांगितलीय, दोन प्रती, एक शेजारच्या गावातल्या आशाताईंसाठी.